कावेरीच्या टोकाचे कांदळवन

कुंभकोणम् म्हटले की मराठी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे देवळांची गोपुरे उभी राहतात. ज्यांना थोडी अधिक माहिती असते त्यांना महामहमचे तळे आठवते. बारा वर्षांनी एकदा, गुरू सिंह राशीत असता, या तळ्यात स्नान करावयास लक्षावधी माणसे लोटतात. मागचे महामहम् २०१६ साली झाले. नाशिकचा सिंहस्थही गुरूच्या याच गणिताने येतो, तेव्हा या दोन गावांचे पंचांगाच्या पानावर पूर्वीपासूनच नाते आहे, असे म्हणावयास हरकत नाही. दुसरे नाते माणसांचे. तंजावरच्या भोसल्यांच्या मागोमाग दक्षिणेत गेलेली कित्येक देशस्थ कुटुंबे या गावी स्थिरावली, आणि त्यांच्या घरांतून जुन्या वळणाची मराठी आजही कानी पडते. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव १८२८ साली जन्मले ते याच गावी.

परंतु आज देवळांविषयी किंवा दिवाणांविषयी बोलावयाचे नाही. बोलावयाचे आहे ते पाण्याविषयी. कुंभकोणम्‌च्या उत्तरेकडून कावेरी वाहते आणि दक्षिणेकडून तिचीच एक शाखा, अरसलारु. या दोन पाण्यांच्या मध्ये गाव वसले आहे. भाताची हिरवीगार खाचरे, केळीच्या बागा आणि पानमळे यांतून हिंडणाऱ्या प्रवाशाच्या मनात एक साधा प्रश्न बहुधा येतच नाही, तो हा की, हे सारे पाणी पुढे जाते कोठे? सह्याद्रीत, कूर्गच्या डोंगरात, उगम पावलेली ही नदी आठशे किलोमीटर चालून शेवटी समुद्राला कशी भेटते?

उत्तर थोडे चमत्कारिक आहे. कावेरी समुद्राला भेटते ती एकटी नव्हे. तिरुचिरापल्लीच्या खाली कल्लणै नावाचे प्राचीन धरण आहे. करिकाल चोळ राजाने ते बांधले, असे परंपरा सांगते. तेथे नदीचे पाणी वाटले जाते. पुराचे पाणी कोळ्ळिडम्‌मध्ये सोडतात. मूळ कावेरी कुंभकोणम्‌वरून पूर्वेस पूम्पुहारकडे जाते. तिसरी शाखा वेण्णारु दक्षिणेकडची शेते भिजवीत निघते. या शाखांना पुन्हा उपशाखा फुटतात, त्यांतून कालवे निघतात, कालव्यांतून पाट निघतात, आणि वडाची मुळे पसरावीत तशी ही नदी सबंध तंजावर प्रांतभर पसरते. मूळ कावेरी पूम्पुहारला पोहोचते तेव्हा ती ओळखू येऊ नये इतकी बारीक झालेली असते. दक्षिणेकडच्या शाखांचे मात्र काही निराळेच होते. त्या समुद्राला मिळण्यापूर्वी एका खाऱ्या सरोवरात उतरतात, आणि त्या सरोवराभोवती अरण्य उभे आहे. मुत्तुपेट्टैचे कांदळवन ते हेच.

तमिळनाडूत कांदळवन पाहावयाचे म्हणजे बहुतेक प्रवासी चिदंबरम्‌जवळच्या पिच्चावरम्‌ला जातात. तेही स्थळ सुंदर आहे. तेथील अरुंद जलमार्गांवर दोन्ही बाजूंची झाडे कमान धरतात, आणि तेथे चित्रपटांचे चित्रीकरणही झाले आहे. पण ज्याला एक सबंध नदी कशी संपते हे समजून घ्यावयाचे आहे, त्याने कुंभकोणम्‌हून दक्षिणेची वाट धरावी. अंतर सत्तर किलोमीटरांच्या आसपास आहे. वाट वलंगैमान, नीडामंगलम्, मन्नारगुडी अशी जाते. १९३० च्या एप्रिलमध्ये राजगोपालाचारी आपल्या सत्याग्रहींसह वेदारण्यम्‌ला मीठ उचलावयास निघाले, तेव्हा त्यांची पदयात्राही कुंभकोणम्‌हून याच गावांवरून पुढे गेली होती. दांडीची कथा आपल्या मुलांना पाठ असते. वेदारण्यम्‌ची क्वचितच ठाऊक असते.

नीडामंगलम्‌पाशी थोडे थांबणे जरूर आहे, आणि ते दोन कारणांसाठी. पहिले कारण हे की, गावाजवळच वेण्णारुवर एक बांध आहे आणि तेथे नदीचे तीन प्रवाह होतात: वेण्णारु, कोरैयारु आणि पामणियारु. लोखंडी दारे खाली-वर करून कोणत्या नदीला किती पाणी द्यावयाचे ते येथे ठरते. यांपैकी कोरैयारु आणि पामणियारु या दोघी शेवटी मुत्तुपेट्टैच्या सरोवरात पोहोचतात. म्हणजे पुढे अरण्याला किती गोडे पाणी मिळेल, याचा बराचसा निकाल या दारांपाशीच लागतो. दुसरे कारण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. नीडामंगलम्‌ला तंजावरच्या मराठा राजांचे एक छत्र आहे. राजा प्रतापसिंहाच्या काळातले हे छत्र यमुनांबेच्या नावाने ओळखले जाते, आणि या गावालाही पूर्वी तिच्याच नावावरून यमुनांबाळपुरम् म्हणत. छत्र म्हणजे येथे डोक्यावर धरावयाचे छत्र नव्हे, तर अन्नछत्र आणि धर्मशाळा. या छत्रांचा आणि त्या अरण्याचा संबंध पुढे यावयाचा आहे, म्हणून एवढे ध्यानात ठेवावे.

मुत्तुपेट्टै या नावाचा अर्थ मोत्यांची पेठ. गाव लहानसे, व्यापारी, मुसलमान आणि हिंदू वस्तीचे. त्याला लागूनच असलेल्या जांबुवानोडैचा दर्गा सर्व धर्मांच्या लोकांत प्रसिद्ध आहे. वनखात्याची परवानगी काढून येथून यंत्रहोडी मिळते. होडी कोरैयारुच्या पात्रातून निघते. आरंभी दोन्ही काठांना नारळ, बाभळी आणि गावाची शेवटची घरे दिसतात. पाणी गढूळ असते आणि जिभेला लावले तर किंचित खारट लागते. हळूहळू नारळ मागे पडतात, काठ खाली खाली येतो, आणि मग एक गोष्ट लक्षात येते ती ही की, काठ असा उरलेलाच नाही. पाणी संपते तेथे चिखल आहे, आणि चिखलातच झाडे उभी आहेत.

ही झाडे कोकणातल्या माणसाला परकी वाटावयाची नाहीत. ठाण्याच्या खाडीत, रत्नागिरीच्या खाजणांत जो तिवर दिसतो तोच हा. येथील शंभर झाडांतली नव्वदांहून अधिक झाडे तिवराची आहेत. अधूनमधून काजळा दिसतो, काठाला काटेरी पानांची मारांडी दिसते. तमिळ भाषेत अशा झाडांना कंडल म्हणतात. आपला कांदळ आणि त्यांचा कंडल हे शब्द इतके जवळचे आहेत की, पूर्व किनाऱ्यावर आपण आलो आहोत हे क्षणभर विसरावयास होते. अरण्याला मात्र त्यांनी याहून सुरेख नाव दिले आहे: अलैयात्तिक्काडु. अलै म्हणजे लाट. लाटेला शांत करणारे रान, असा त्याचा अर्थ तेथील लोक सांगतात.

तिवराच्या बुडाशी चिखलातून बोटाएवढ्या जाडीची असंख्य खुंटे वर आलेली दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, कोणी काठ्या रोवून ठेवल्या असाव्यात. ती वस्तुतः झाडाची मुळेच होत. सर्वसाधारण झाडाची मुळे जमिनीतल्या पोकळ्यांतून हवा घेतात. सदैव भिजलेल्या या चिखलात हवा नसते, म्हणून तिवर आपली मुळे उलटी, आकाशाकडे पाठवितो आणि ओहोटीच्या वेळी त्यांवाटे श्वास घेतो. मिठाची व्यवस्था त्याने दोन प्रकारे केली आहे. मुळे बरेचसे मीठ बाहेरच अडवितात, आणि जे आत शिरते ते पाने बाहेर टाकतात. कोरड्या दिवशी पान उलटसुलट करून पाहिले तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. त्याचे बीजही मोठे शहाणे आहे. फळ झाडावर असतानाच आतला अंकुर वाढू लागतो. फळ पाण्यात पडले की काही वेळ तरंगते, साल सोडते, आणि चिखल भेटताच मूळ धरते. रुजण्यासाठी त्याला फार दिवस मिळत नाहीत, कारण पुढची भरती त्याला उचलून नेण्यास सिद्धच असते.

तिल्लै या झाडाची गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. हेही कांदळवनातलेच झाड, आणि या रानात ते तुरळक आढळते. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर काही काळ दिसेनासे होते, म्हणून लाकूडतोडे त्याला भितात. चिदंबरम्‌चे प्राचीन नाव तिल्लै ते या झाडावरूनच पडले. नटराजाचे ते जगद्विख्यात मंदिर ज्या तिल्लैवनात उभे राहिले असे पुराणे सांगतात, ते वन म्हणजे अशाच चिखलाचे आणि खाऱ्या पाण्याचे रान असले पाहिजे. आज समुद्र चिदंबरम्‌पासून दूर आहे. नावात मात्र तो राहून गेला आहे.

होडी पुढे सरकते तशी दोन्ही बाजूंची झाडे दूर होत जातात आणि एकाएकी समोर मोठे मोकळे पाणी पसरते. सरोवर ते हेच. ओरिसातील चिलिका पाहिलेल्यास हे लहान वाटेल. तथापि डोळ्यांना पलीकडचा काठ पुसटच दिसतो. गंमत अशी की, एवढ्या विस्तीर्ण पाण्याची खोली बहुतेक ठिकाणी माणसाच्या कमरेच्या फारशी वर जात नाही. नावाडी यंत्र बंद करून बांबू टेकवितो तो थेट तळाला लागतो. उथळ पाण्यात स्त्रिया उभ्या राहून हातांनी चिखल चाचपीत कोळंबी धरताना दिसतात. हे काम पाहावयास सोपे आणि करावयास महाकठीण. बोई, कोळंबी आणि चिंबोरी ही या सरोवराची संपत्ती, आणि भोवतालच्या कित्येक कोळीवाड्यांचा संसार तीवर चालतो. या माशांची पिल्ले वाढतात ती तिवराच्या मुळांच्या आश्रयाने. गळून कुजलेल्या पानांवर त्यांचे अन्न तयार होते. ओहोटीच्या चिखलावर निवट्या उड्या मारीत असतात. मासा असून तो पाण्याबाहेर इतका सुखाने कसा राहतो, याचे लहान मुलांना मोठे नवल वाटते, आणि खरे सांगावयाचे तर मोठ्यांनाही ते वाटावयास हवे.

हिवाळ्यात येथे पक्ष्यांची दाटी होते. पाणकावळे, बगळे, चित्रबलाक आणि झोळीसारख्या चोचीचे पाणपक्षी सरोवरावर असतात. पूर्वेकडे कोडिक्करैपर्यंत पसरलेल्या खाऱ्या दलदलीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. कोडिक्करैचे अभयारण्य १९६७ साली मुख्यतः काळविटांसाठी स्थापन झाले. समुद्रकाठच्या गवतावर काळविटांचे कळप चरताना पाहणे हा तेथला निराळाच अनुभव आहे. २००२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत या परिसराचा समावेश झाला, तेव्हा त्यात मुत्तुपेट्टैचे कांदळवनही आले.

येथवर जे सांगितले ते कोणत्याही प्रवाशाला दिसेल. पण होडीतून जाताना काही ठिकाणी दाट झाडीमागे उघडी, पांढुरकी जमीन दिसते, तिच्यावर गवताचे पातेही नसते. ही जमीन उजाड का, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की आपण पुन्हा त्या मराठा छत्रांपाशी येऊन पोहोचतो.

तंजावरच्या राजांनी रामेश्वरच्या यात्रामार्गावर आणि अन्यत्र ठिकठिकाणी छत्रे उभारली. नीडामंगलम्‌चे छत्र हे त्यांपैकी एक; ओरत्तनाडूचे, सरफोजी राजांच्या मुक्तांबेच्या नावाचे छत्र हे दुसरे. १७९९ साली राज्यकारभार इंग्रजांकडे गेला, तरी छत्रे आपल्या हाती राहावीत यासाठी सरफोजींनी आग्रह धरला. १८०१ साली त्यांनी रेसिडेंटला पत्र लिहून, छत्रांत काय चालते ते तपशीलवार कळविले: जातीचा भेद न करता येईल त्यास शिजलेले अन्न, आजाऱ्यास औषधपाणी, बाळंतिणीची काळजी, अनाथ मुलांचे शिक्षण, आणि वाटेत मरण पावलेल्याचे अंत्यविधीसुद्धा. एखाद्या राज्यातून तलवार काढून घेतली तरी त्याचे मोठेपण कशात राहू शकते, हे या पत्रावरून कळते. १८५५ साली राजपुत्राच्या अभावी ते राज्य खालसा झाले आणि छत्रांची व्यवस्था सरकारी खात्याकडे गेली. मुत्तुपेट्टैचे कांदळवन १९१२ पर्यंत याच छत्र खात्याच्या ताब्यात होते. अरण्यातल्या लाकडाचे उत्पन्न छत्रांच्या खर्चाकडे लागे. म्हणजे रामेश्वरच्या वाटेवर एखाद्या मराठी यात्रेकरूने जेवलेल्या भाताचे काही मोल या तिवरांनी दिलेले असावयाचे.

पुढे अरण्य वनखात्याकडे आले. त्या काळच्या वनशास्त्राचा एक नियम असा होता की, अरण्याचे तुकडे पाडावे, दरवर्षी एक तुकडा समूळ तोडावा, आणि शेवटचा तुकडा तोडून होईपर्यंत पहिला पुन्हा वाढलेला असेल असे धरून चालावे. डोंगरातल्या सागवानाच्या जंगलात हा हिशेब काही अंशी जुळतो. कांदळवनात तो साफ चुकला, आणि तो का चुकला हे समजून घेण्यासारखे आहे.

तिवर तोडला की चिखलावरची सावली गेली. तमिळ देशाचे ऊन त्या चिखलावर सरळ पडू लागले, चिखल वाळला, आक्रसला आणि आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडा खाली बसला. अशा रीतीने उथळ बशीसारखे खळगे तयार झाले. भरतीचे पाणी त्यांत शिरे, पण बाहेर पडत नसे. आपल्या मुंबईला मोठ्या भरतीच्या दिवशी समुद्र चार-पाच मीटर चढतो आणि उतरतो. खाडीचा कोपरा न् कोपरा तो धुऊन काढतो. येथे, श्रीलंकेच्या आडोशाला असलेल्या या उथळ उपसागरात, भरती-ओहोटीतले अंतर एक मीटरही भरत नाही. त्यामुळे खळग्यात अडकलेले पाणी तेथेच आटे आणि मीठ मागे ठेवून जाई. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. या खळग्यांतल्या चिखलात उन्हाळ्यात ते दुपटीहूनही वर जाऊ लागले. तिवर हा खाऱ्या पाण्याचा सोबती खरा, पण त्यालाही सीमा आहे. त्यात पडलेले बीज करपून जाई. कित्येक दशके लोक असे समजत होते की, गुरे चारणारे आणि फाटी तोडणारे गावकरीच रान वाढू देत नाहीत. त्यांचा काही दोष नव्हताच असे नाही. पण मूळ दुखणे त्यांच्या कोयत्यात नव्हते, साठलेल्या पाण्यात होते.

याचा उलगडा होण्यास मदत झाली ती त्या गावकऱ्यांचीच. मुत्तुपेट्टैच्या कोळ्यांची मासे धरण्याची एक जुनी रीत आहे. सरोवरापासून रानातल्या पडीक जमिनीत ते चर खणतात. भरतीबरोबर मासे चरात शिरतात. ओहोटी लागण्याच्या वेळी चराचे तोंड बंद करून जाळे लावतात. चर कोणाचा, त्याची डागडुजी कोणी करावयाची आणि वाटे कसे पडावयाचे, याचे नियम गावाने ठरविलेले असतात. आता, आसपास सारे उजाड असताना या चरांच्या काठांना मात्र तिवर आपोआप उगवलेला दिसे. पाणी येत होते आणि जात होते, एवढेच त्याचे कारण.

या निरीक्षणाचे शास्त्रीय पद्धतीने चीज करण्याचे काम ज्या संस्थेने केले तिचा संबंध पुन्हा कुंभकोणम्‌शी येतो. हरितक्रांतीचे शास्त्रज्ञ म्हणून सर्व देशाला परिचित असलेले डॉ. एम. एस. स्वामीनाथन १९२५ साली कुंभकोणम्‌लाच जन्मले. गहू आणि भात यांत त्यांचे नाव इतके गुंतले आहे की, कांदळवनाविषयी त्यांना किती आस्था होती हे मागे पडते. त्यांच्या नावाच्या, चेन्नई येथे १९८८ साली स्थापन झालेल्या संशोधन प्रतिष्ठानाने वनखात्याला आणि गावकऱ्यांना बरोबर घेऊन १९९० च्या दशकात पिच्चावरम् आणि मुत्तुपेट्टै येथे उजाड खळग्यांत कालवे खणविले. मधोमध एक मोठा कालवा आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके फुटलेले लहान चर. वरून पाहिले तर माशाचा काटा जसा दिसावा तशी ही रचना. अडकलेले पाणी वाहते झाले, मीठ धुपले, आणि कालव्यांच्या उतारावर तिवराची रोपे लावली. उतारावरच का? तर तळाशी लावले तर ती बुडून मरतात आणि माथ्यावर लावली तर त्यांच्यापर्यंत भरती पोहोचत नाही. काही वर्षांत पांढऱ्या जमिनीचे मोठमोठे तुकडे हिरवे झाले. होडीतून जाताना जेथे झाडे ओळीने लावल्यासारखी दिसतात तेथे हे कालवे आहेत असे समजावे. याच प्रतिष्ठानाच्या शास्त्रज्ञांनी पुढे तिवरातील मीठ सोसण्याचा गुण भाताच्या रोपात उतरविण्याचे प्रयोग केले. कावेरीच्या खोऱ्यात भाताने तिवराकडून काही शिकावे, हे मला फार उचित वाटते.

त्यानंतर या रानाची कसोटी लागली ती वादळाने. १६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज नावाचे चक्रीवादळ नागपट्टिनम् आणि वेदारण्यम् यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले आणि मुत्तुपेट्टै त्याच्या वाटेत आले. तंजावर आणि तिरुवारूर जिल्ह्यांतले नारळ लाखांच्या संख्येने आडवे झाले. एकेका शेतकऱ्याचे वीस-तीस वर्षांचे कष्ट एका रात्रीत गेले. कांदळवनात झाडांची पाने पार झडून गेली, फांद्या मोडल्या, आणि वनखात्याने बांधलेले लाकडी पदपथही उद्ध्वस्त झाले. पण तिवराच्या खोडाला नवे धुमारे फुटू शकतात. कांदळ, म्हणजे कोकणात कमानीसारख्या मुळांवर उभे राहणारे जे झाड आहे, त्याला एकदा फांद्या मोडल्यावर हे सहसा साधत नाही. म्हणून पुष्कळशी झाडे वाळली, तरी पुष्कळांनी पुन्हा पालवी धरली. २००४ च्या त्सुनामीतही पिच्चावरम्‌च्या रानामागे असलेल्या वाड्यांची हानी उघड्या किनाऱ्यावरच्या वाड्यांपेक्षा कमी झाली होती. अलैयात्ति हे नाव काही उगाच पडलेले नाही.

वादळ येते आणि जाते. या अरण्याला खरी भीती आहे ती हळूहळू कमी होत जाणाऱ्या गोड्या पाण्याची. तिवर समुद्राच्या पाण्यावर जगतो असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. तो खाऱ्यात तग धरतो, पण फोफावतो तो खारे आणि गोडे मिसळते तेथे. त्याचे बीजही कमी खारट पाण्यात लवकर रुजते. तिवराहून नाजूक ज्या जाती आहेत त्यांचे तर गोड्या पाण्याशिवाय मुळीच चालत नाही. मुत्तुपेट्टैच्या रानात आज जवळजवळ एकट्या तिवराचेच राज्य आहे. ही श्रीमंती नव्हे. मीठ वाढत गेले आणि बाकीचे सोबती निघून गेले, त्याची ही खूण आहे. शिवाय नदीला जोर असला म्हणजे ती आपला गाळ समुद्रात लोटते; जोर नसला म्हणजे सरोवराच्या तोंडाशी वाळू साचते आणि भरतीची ये-जा आणखी मंदावते.

१९३४ साली मेट्टूरचे धरण पुरे झाले. त्यामुळे तंजावरच्या शेतीला आधार मिळाला, पण पुराचे जे पाणी पूर्वी खाली सुटत असे ते अडले. वर कर्नाटकातही धरणे झाली. शेतकऱ्याला पाणी हवे, शहरांना हवे, आणि कोणाचीच मागणी खोटी नाही. कावेरीच्या वाटपाचा तंटा दोन राज्यांत पिढ्यान् पिढ्या चालला तो त्यामुळेच. या वादात एक वाक्य दोन्हीकडच्या तोंडी सारखेच ऐकू येते: समुद्राला गेलेले पाणी वाया गेले. मुत्तुपेट्टैच्या सरोवरात होडी उभी करून भोवताली पाहणाऱ्यास हे वाक्य उच्चारणे कठीण जाईल. ती कोळंबी, ते बोई, ती लाटा अडविणारी झाडे ही सारी त्या 'वाया गेलेल्या' पाण्यावरच उभी आहेत.

न्यायाधिकरणाने २००७ साली दिलेल्या निवाड्यात ही गोष्ट थोडी का होईना मान्य झाली. कावेरीचे वार्षिक पाणी ७४० अब्ज घनफूट धरून त्याची राज्यांत वाटणी केली, तेव्हा १० अब्ज घनफूट पर्यावरणाच्या रक्षणासाठी आणि ४ अब्ज घनफूट समुद्राकडे अपरिहार्यपणे जाणारे म्हणून बाजूला ठेवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यांच्या वाट्यांत फेरफार केला, पण या १४ अब्जांना हात लावला नाही. पुरे किंवा अपुरे, एका मोठ्या नदीच्या हिशेबाच्या वहीत अरण्याच्या नावे स्वतंत्र खाते उघडले गेले.

जावयाचे झाल्यास डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. ईशान्य मोसमी पाऊस तेव्हा सरत आलेला असतो, सरोवर भरलेले असते, पक्षी आलेले असतात. होडी सकाळी लवकर काढावी. दुपारी वारा उलटा सुटतो आणि उथळ पाण्यातही लाटा त्रास देतात. येताना नीडामंगलम्‌च्या बांधावर क्षणभर उतरून कोरैयारुची दारे त्या दिवशी किती उघडी आहेत, तेवढे पाहून यावे.